एकोणीस दुपारी

गुरुवारी सकाळी सव्वानऊला एक माणूस हरवल्याची तक्रार माझ्या नावावर येऊन पडली. माणूस एकोणीसशे एकोणीस साली वारलेला. म्हणून मी आधी हसलो. सिंगापुरात कॉफी पिशवीत बांधून मिळते, तिची गाठ सोडली, प्यायची काडी घातली, एक घोट घेतला आणि मग तक्रार नीट वाचली. तातडी: कमी. प्रकार: खेळाडू सापडत नाही. पाठवणारी: लॉर्ना केम्प, वय चौऱ्याऐंशी. वय कोणी विचारलं नव्हतं, रकान्यात जागा नव्हती म्हणून तिने ते नावापुढे लिहिलं होतं. खाली एकच ओळ. माझे आजोबा पेनहॅलो, मृत्यू एकोणीसशे एकोणीस, मार्चपर्यंत तुमच्याकडे होते, आता नाहीत. दुसरा घोट मी घेतला तेव्हा कॉफी गोड लागली नाही, नुसती गरम लागली. कारण मार्चमध्ये काय झालं ते मला माहीत होतं. मार्चमध्ये मी झालो होतो.

आमची कंपनी दुसऱ्यांच्या जुन्या नोंदी साफ करते. सध्या मेलबर्नच्या बाजूच्या एका जुन्या फुटबॉल क्लबच्या. तिथला फुटबॉल वेगळा, चेंडू अंड्यासारखा, मैदानही अंड्यासारखं, आणि खेळाडू एकमेकांच्या खांद्यावर गुडघे टेकून हवेत जाऊन झेल घेतात. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वर्तमानपत्रांत खेळाडूचं फक्त आडनाव छापत. त्या आडनावांतून माणसं बनवायची, हे माझं काम. मार्चमधल्या एका दुपारी मी नियम लिहिला. आडनाव तेच, संघ तोच, वर्षं लागून लागून, आणि दोनपैकी एका नोंदीला पहिलं नाव नाही, तर माणूस एक. नियमाखाली एक पोटनियमही. जोडलेला माणूस एकाच सामन्यात दोनदा दिसला तर दुसरी नोंद चूक समजून गाळायची, कारण एक माणूस एका सामन्यात दोनदा खेळू शकत नाही. हे मला तेव्हा फार हुशारीचं वाटलं होतं. अकराशे चाळीस नोंदी एका रात्रीत जोडल्या गेल्या. मी झोपलेलो होतो.

नाव: पेनहॅलो, आल्बर्ट. सामने: पंचाण्णव.

मार्चच्या आधी आल्बर्टचे एकाहत्तर होते. आणि नुसता ‘पेनहॅलो’ असा एक बिननावाचा होता, त्याचे त्रेचाळीस. त्यांची बेरीज एकशे चौदा. म्हणजे एकोणीस सामने गळाले. म्हणजे एकोणीस दुपारी दोन पेनहॅलो एकाच मैदानावर होते, आणि तेच, दोघे असल्याचा तेवढाच पुरावा, माझ्या पोटनियमाने चूक म्हणून फेकून दिला होता.

मी लॉर्ना केम्पला लिहिलं की कृपया आजोबांविषयी जास्त माहिती द्यावी. हे आम्ही सगळ्यांनाच लिहितो. बहुतेक लोक मग गप्प होतात. तिचं उत्तर पाऊण तासात आलं, लांबलचक. परिच्छेद नाहीत. विल्फ्रेड पेनहॅलो, खाणगावात जन्म, बाप खाणीत मेला तेव्हा हा दहाचा. मेलबर्नला बुटांच्या कारखान्यात लागला. मैदान चिखलाचं असे म्हणून कारखान्यातल्या कातडी पट्ट्या आपल्या आणि धाकट्या आल्बर्टच्या बुटांच्या तळाला स्वतः ठोकायचा, आधी आल्बर्टच्या. अठराशे अठ्ठ्याण्णवला संघात आला, मागच्या फळीत. मागच्या फळीतल्यांची नावं पेपरात येत नाहीत, गोल मारणाऱ्यांची येतात. दोन वर्षांनी आल्बर्ट आला आणि गोल मारू लागला. एकोणीसशे दोनच्या अंतिम सामन्यात शेवटच्या मिनिटात एक सोपा झेल सुटला आणि सामना गेला. पेपरात आलं, पेनहॅलोची घोडचूक. कोणता पेनहॅलो ते नाही. लोकांनी ठरवलं, थोरला. विल्फ्रेड काही बोलला नाही. पुढच्या हंगामात तो पश्चिमेला सोन्याच्या खाणींकडे निघून गेला, धूळ छातीत भरून बेचाळिसाव्या वर्षी मेला. तिथे कुणाला माहीतही नव्हतं की हा कधी खेळायचा. फक्त घरी दाराच्या वर, कुणाचाही हात पोचणार नाही अशा उंचीवर त्याने एक खिळा मारला होता, आणि कामावर निघताना त्यावरची टोपी तो उडी मारून काढायचा. खोकला वाढल्यावर आजी काठीने काढून द्यायची. लॉर्नाच्या आईने हे पाहिलेलं.

शेवटी लिहिलं होतं: झेल कोणाचा सुटला हे मला ठाऊक नाही. आल्बर्टच्या घरचेही मरेपर्यंत काही बोलले नाहीत. तुम्हालाही ते कळणार नसेल तर ती चूक माझ्या आजोबांच्याच नावावर ठेवा. त्यांनी ती घेतली होती. पण त्यासाठी आधी ते असायला हवेत.

 मग फोन उघडला आणि सोमवारपासून न उघडलेली फाईल उघडली.

फाईल माझ्या थोरल्या भावाने, निशिकांतदादाने पाठवलेली. पुण्यातल्या आमच्या खो-खो मंडळाला पंचाहत्तर वर्षं होतायत, त्याची स्मरणिका. दादाच ती जुळवतोय, दुकान सांभाळून, चिंचवडला पंपांच्या सुट्या भागांचं दुकान आहे, त्याचं नव्हे, तो तिथे काउंटरवर असतो. सोबत दोन ओळी. पद्या, तुझं पान बघून घे. शुक्रवारी छापायला देतोय. मी न बघताच अंगठा पाठवला होता. कारण त्या पानावर काय असणार ते मला माहीत होतं, अंगठा पाठवायला तेवढं पुरतं. आता बघितलं. पान एक्केचाळीस. माझा फोटो, कंपनीच्या वेबसाइटवरचा, निळ्या शर्टातला. खाली, पद्मनाभ घैसास, सध्या सिंगापूर. अठ्ठ्याण्णवच्या जिल्हा अंतिम सामन्यात खांबावर सूर मारून शेवटचा गडी बाद करत मंडळाला अजिंक्यपद मिळवून देणारा. बाजूला पेपरातलं ते जुनं कात्रण, बाबांनी फाईलमध्ये चिकटवलेलं. ‘घैसासने अप्रतिम सूर मारत’.

सूर दादाने मारला होता.

हे मी अजून कुणाला सांगितलेलं नाही. म्हणजे सांगण्यासारखं कुणी नव्हतं, ज्यांना कळायला हवं त्यांना माहीत होतं आणि ज्यांना माहीत नव्हतं त्यांना. नाही. परत लिहितो. हे मी कुणाला सांगितलेलं नाही कारण मला सांगायचं नव्हतं. आम्ही दोघे एकाच मंडळात. तो दीड वर्षाने मोठा, बारावीला एकदा नापास झाल्यामुळे शेवटी माझ्या बरोबरीचा. सरावात आम्ही शेजारी शेजारी बसायचो. खो-खोत ओळीने बसलेले गडी आळीपाळीने उलट बाजूंना तोंड करून बसतात, एकाचं तोंड पूर्वेला तर शेजारच्याचं पश्चिमेला, त्यामुळे भाऊ शेजारी असून मला कधी त्याचा चेहरा दिसायचा नाही, नुसता त्याचा श्वास ऐकू यायचा, आणि मग कुणीतरी मागून पाठीवर थाप मारून ‘खो’ म्हणालं की तो जागेवर नसायचा. मी मात्र उठताना कधीकधी आधी वळून बघायचो. त्यातच अर्धा सेकंद जायचा. म्हणून मी राखीव. अंतिम सामन्यातही बाहेर बसलो होतो. दादाचा चष्मा जाड, खेळताना काढून ठेवावा लागायचा, तो माझ्याकडे. लांबचं त्याला धूसर दिसायचं. तो आवाजावर पळायचा. शेवटच्या मिनिटाला त्याने खांबाला धरून हवेत अंग झोकलं तेव्हा त्याला पुढचा गडी नीट दिसतसुद्धा नव्हता. मला दिसत होता. माझ्या मुठीत त्याचा चष्मा इतका घट्ट होता की नंतर तळव्यावर काडीची खूण उठली. तेवढाच माझा त्या सामन्यातला भाग. बारा जणांच्या संघात होतो म्हणून प्रमाणपत्र मलाही मिळालं. सगळ्यांच्या प्रमाणपत्रावर सारखाच मजकूर होता.

ऋचा माझ्या खुर्चीमागे येऊन उभी होती. आमची मॅनेजर, दादरची, माझ्याहून दहा वर्षांनी लहान.

“इतका वेळ कोणाच्या तक्रारीचं टिकेट बघतोयस?”

“एक खेळाडू गाळला गेलाय. भाऊ भाऊ होते, नियमाने एक झाले.”

तिने वाकून वाचलं. “एकच ना? ‘नोन लिमिटेशन’ असा शेरा टाक आणि बंद कर. उद्या क्लायंटला रिपोर्ट जायचाय.”

“एकाचीच तक्रार आलीय. जोडलेत अकराशे चाळीस.”

“मग बाकीच्यांची तक्रार नाही म्हणजे बाकीचे बरोबर आहेत.”

“किंवा त्यांना नाती नाहीत.”

ती सरळ झाली. “पद्मनाभ, तुला बरं वाटतंय ना? जेवायला चल. आज तो फिश सूपवाला उघडलाय.”

मी गेलो नाही. इंजिनिअरिंगच्या प्रवेशाच्या मुलाखतीची ती खोली समोर येऊन बसली होती, ती जेवू देणार नव्हती. बाहेरगावचं कॉलेज, खेळाडूंसाठी दोन जागा, मला मार्क चारने कमी. टेबलापलीकडे तीन सर. एक जण बाबांची फाईल उलटीपालटी करत होते. प्रमाणपत्र बघितलं, मान हलवली, मग कात्रणावर बोट ठेवून विचारलं, “हा घैसास म्हणजे तूच का रे?” मी खोटं बोललो नाही. हे मी पुढे कितीतरी वर्षं स्वतःला सांगत आलो. मी फक्त हसलो. लाजल्यासारखं. सर म्हणाले, “नम्र आहे.” बाबा माझ्या शेजारी बसलेले होते. त्यांनीही काही म्हटलं नाही. बाहेर आल्यावर त्यांनी मला उसाचा रस पाजला आणि स्वतः घेतला नाही. त्यानंतर आमच्या घरात तो सूर हळूहळू माझा होत गेला. आधी पाहुण्यांपुढे, मग नातेवाइकांत, मग माझ्या लग्नाच्या बोलणीत. मधुवंतीच्या वडिलांना दादानेच सांगितलं, “आमचा पद्या जिल्ह्याचा फायनल एकट्याने मारलेला गडी.” मी पोहे खात होतो. बशी खाली ठेवायलासुद्धा सुचलं नाही. एकदा वाटलं होतं, तो टोमणा मारतोय. त्याच्याकडे बघितलं तर तो खरंच खूश होता. टोमणा असता तर मी कदाचित.

नाव: घैसास, निशिकांत. सामने: —

पण हे काहीच नाही. खरं पुढे आहे. माझा प्रवेश झाला त्याच वर्षी जुलैत दादाला रेल्वेच्या खेळाडू भरतीच्या चाचणीला बोलावणं आलं. कागद मूळ हवे होते, प्रमाणपत्रं आणि कात्रणं. बाबांनी दोघांची प्रमाणपत्रं एकाच फाईलमध्ये लावलेली, आणि फाईल माझ्याबरोबर हॉस्टेलला. दादाने मंडळाजवळच्या बूथवरून फोन केला. म्हणाला, पोस्टाने पाठव, नाहीतर मीच येऊन घेऊन जातो. मी म्हणालो, कॉलेजने ठेवून घेतलीय, दिवाळीपर्यंत देत नाहीत. फाईल माझ्या ट्रंकेत होती. वरच होती, टॉवेलच्या खाली. मला भीती वाटली की तेच कात्रण दुसऱ्या कुठल्यातरी टेबलावर दुसऱ्या घैसासच्या नावाने जाईल, कुणीतरी कुणालातरी ओळखत असेल, कुठून तरी विचारणा होईल. असं काही झालं नसतं. आता माहीत आहे, रेल्वे आणि इंजिनिअरिंग कॉलेज एकमेकांशी बोलत नाहीत. कोणत्याच दोन नोंदी आपण होऊन एकमेकींशी बोलत नाहीत, बोलायला लावावं लागतं, मी त्याचाच पगार घेतो. दादा झेरॉक्स नाही, मूळ कागद नाहीत, अशा रिकाम्या हातांनी चाचणीला गेला. पळाला म्हणे चांगला. कागद अपुरे, म्हणून नाव आलं नाही. पुढच्या वर्षी गुडघा गेला.

संध्याकाळी मेट्रोने चोआ चू कांगला उतरून घरी आलो तेव्हा मधुवंती नोव्हेनाहून अजून यायची होती, तिची हॉस्पिटलची पाळी सातला सुटते. श्रिया जेवणाच्या टेबलावर वह्या पसरून. तेरा वर्षांची, शाळेत नेटबॉल खेळते, इथल्या पोरांसारखं तुटक इंग्रजी बोलते, शेवटी ‘लाह’ लावून.

“बाबा, पीई टीचर आस्किंग. यू प्लेड फॉर स्टेट, राइट?”

“स्टेट नाही. जिल्हा.”

“मम्मी सेड स्टेट.”

“मम्मीला आजोबांनी सांगितलं असेल.”

“डिस्ट्रिक्ट ऑल्सो कॅन, लाह. फॉर्मवर लिहायचंय, पेरेंट्स हू प्लेड स्पोर्ट्स. दे वॉन्ट यू टू कम अँड डेमो.” तिने पेन माझ्याकडे सरकवलं. “काकाने मला दाखवलेलं ना, पुण्याला. हाऊ यू फ्लू. ही डिड द होल थिंग ऑन द सोफा.”

“काकाने?”

“या. खांब म्हणजे तो कपाटाचा कोपरा. आजी स्कोल्डेड हिम. ही रिअली कॅन जंप, यू नो. चष्मा काढून ठेवला फर्स्ट. मला धरायला दिला.”

मी पेन घेतलं नाही. तिला काय वाटलं कोण जाणे, ती म्हणाली, “ओके लाह, नॉट कंपल्सरी,” आणि फॉर्म वहीखाली सरकवला.

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये आलो. समोरच्या ब्लॉकवर बांबूंना वाळत घातलेले कपडे अजून कुणी आत घेतले नव्हते. सात वाजले होते, म्हणजे तिकडे साडेचार, दुकानात गर्दी नसते. फोन लावला. वाजत असताना मला वाटलं उचलू नये.

“बोल रे पद्या. पान बघितलंस?”

“बघितलं. दादा, ते चुकलंय.”

“फोटो जुना वाटतो ना? मी मधुवंतीला म्हटलं होतं नवा पाठव.”

“फोटो नाही. सूर तू मारलास.”

मागे कुणीतरी दोन इंची वॉशर मागत होतं. दादा म्हणाला, “तिसऱ्या खणात बघा, लाल डब्यात.” मग मला, “बरं मग?”

“मग काय? तू असं कसं छापतोस?”

“अरे, आता पंचवीस वर्षं तसंच आहे. मंडळातल्या नव्या पोरांना तसंच माहितीये. परदेशी गेलेला एकच माणूस आमच्याकडे, त्याच्या पानावर काहीतरी नको का? माझं पान वेगळं आहे, संपादक म्हणून. चव्वेचाळीस.”

“आणि फाईल कॉलेजात नव्हती.”

पलीकडे काउंटरवर काहीतरी ठेवल्याचा आवाज आला.

“रेल्वेच्या वेळची. ट्रंकेत होती. टॉवेलखाली.”

“माहितीये,” दादा म्हणाला. “तू दिवाळीला आलास तेव्हा आईने ट्रंक उपसली धुणं काढायला. आईला दिसली, मला दिसली. फाईलवर कॉलेजचा शिक्कापण नव्हता.”

“मग बोलला का नाहीस?”

“काय बोलणार? चाचणी होऊन गेली होती.” मग म्हणाला, “वाटलं होतं, तू बोलशील. मग पुढे पुढे नाही वाटलं.”

समोरच्या ब्लॉकवर एका बाईने खिडकीतून हात काढून बांबू आत ओढायला सुरुवात केली. बांबू लांब, कपडे ओढत ओढत एकेक आत जात होते. मी तेच बघत राहिलो. दादाही फोनवर तसाच होता, त्याचा श्वास ऐकू येत होता. चेहरा नाही.

“ते बदल,” मी म्हणालो. “उद्या जातंय ना छापायला?”

“काल गेलं. छपाईवाल्याकडे कागद आला होता, म्हणाला आत्ताच घेतो. आज सकाळी सगळी पानं छापून झाली. बांधायची राहिलीत.”

“दादा.”

“तुझा अंगठा आला होता रे.”

 मग त्यानेच, काउंटरवर गिऱ्हाइकाशी बोलतो त्या आवाजात म्हटलं, “शुद्धिपत्र लावता येईल. नाहीतरी लावायचंच आहे, पाटणकरांची तारीख चुकलीय आणि एका स्वर्गवासी माणसाला हयात टाकलंय. एक ओळ वाढेल. सांग काय लिहू. सांग, पेन घेतलंय.”

“तूच लिही ना.”

“नाही. तू सांग, मी लिहितो.”

आत श्रिया फोनवर कुणाशी तरी हसत होती. मी कठड्याला धरून उभा होतो. हे एवढं सोपं वाक्य, मी त्याला कामावर रोज तोंड देतो, अमुक ऐवजी तमुक, आणि माझ्या तोंडातून ते निघेना.

“पान एक्केचाळीस,” मी म्हणालो.

“पान एक्केचाळीस,” तो लिहीत म्हणाला.

“पद्मनाभ घैसास ऐवजी.”

“ऐवजी. हं.”

“निशिकांत घैसास असे वाचावे.”

पेनचा आवाज नाही आला. मग आला. त्याने सावकाश वाचून दाखवलं, दुकानातलं बिल वाचतो तसं, आणि स्वतःच्या नावापाशी घसा साफ केला.

“पण मग तुझ्या फोटोखाली माझं नाव येईल, पद्या,” तो म्हणाला. “निशिकांत घैसास, सध्या सिंगापूर. फोटो आता निघत नाही.”

“मग?”

“मग काय. राहू दे.” तो हसला, खरंच हसला. “लोक म्हणतील, निशा कधी गेला सिंगापूरला. आणि चष्मा कुठाय याचा.”

मागे पुन्हा कुणीतरी काहीतरी मागितलं. तो म्हणाला ठेवतो, आणि ठेवला नाही, फोन काउंटरवर तसाच पडला असावा, कारण मला त्याचं चालणं ऐकू येत राहिलं, एक पाय जरा ओढत, तिसऱ्या खणापर्यंत आणि परत.

शुक्रवारी सकाळी मी ऋचाला लिहिलं की अकराशे चाळीसही पुन्हा तपासावे लागतील. तिने उत्तर दिलं नाही. आल्बर्ट एकाहत्तरवर आला. एकोणीस दुपारी परत लावल्या, दोघांच्या नावांवर, एकाच तारखेला दोनदा, आणि पोटनियमाने प्रत्येक वेळी लाल खूण करून विचारलं, नक्की का. एकोणीस वेळा नक्की म्हणालो. सुटलेला झेल मी लॉर्ना केम्पने सांगितलं तसा विल्फ्रेडच्या नावावर ठेवला. ते करून मला बरं वाटेल असं वाटलं होतं.

नाव: पेनहॅलो, विल्फ्रेड. सामने: त्रेचाळीस. उंची: माहीत नाही.

त्या रकान्यावर बराच वेळ थांबलो. दारावरचा तो टोपीचा खिळा किती उंच होता, हे तिला विचारता आलं असतं.